तराजूवाली समधन

खडकी बाजारातल्या अमिनाबी शेख यांनी उभ्या आयुष्यात कोणाची चहाडी केली नाही, शेजारणीकडून साखर आणली तर वाटी परत पाठवली, आणि नवऱ्याला दारूगोळा कारखान्यात रोज वेळेवर डबा दिला. इतकी सरळ बाई. पण लग्नघरात गुडघ्याखाली ढोलक दाबून बसली, की समोरच्या पक्षाच्या बायका पदर सावरायला लागत. आता आपली धडगत नाही, हे त्यांना ठाऊक असे.

त्यांच्याकडे हळदीच्या दिवशी बायका ढोलकीवर गातात. आधी आशीर्वाद, मग नवरीचं कौतुक, आणि ते सोपस्कार उरकले की खरा माल बाहेर येतो. विहिणीला शिव्या! विहीण म्हणजे यांच्या भाषेत समधन. तिची कंजुषी, तिचं घोरणं, तिच्या घरचा पाणचट चहा, सगळं ठेक्यात आणि यमकात. याला कायदा आहे, आणि तो पुण्यातल्या रहदारीच्या कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो. गायचं ते तोंडावर आणि नाव घेऊन. जिला गाणं लागलं तिनं तिथल्या तिथं उलट गाऊन ते फेडायचं. नाही फेडलं, तर ते तिच्या डोक्यावर राहतं. मग कोणी तेच गाणं तिच्यासमोर पुन्हा घेईल तेव्हाच तिला उत्तर द्यायचा हक्क. आपणहून उकरून काढलं तर तो भांडखोरपणा.

अमिनाबींना वाहवा नको असे. त्यांचं म्हणणं एकच, गाणं लागलं पाहिजे. समोरची बाई चिडली पाहिजे, नाहीतर पोट धरून हसली पाहिजे, आणि उलट गायली पाहिजे. त्याशिवाय गाण्यात राम नाही, असं त्या म्हणत. शेजारच्या वासंतीबाईंच्या तोंडून उचललेलं हे वाक्य त्या बिनदिक्कत वापरत.

मग लग्नात डीजे आला. हळदीला कोण कोणाला काय म्हणतंय ते शेजारणीला ऐकू येईना, तर विहिणीला कुठून येणार! अमिनाबींना आमंत्रण येई, मानाची खुर्ची मिळे, हातात थंड पेय येई. ढोलक घरी कपाटावर. 'दादी, कानाला त्रास होत असेल तर आत बसा,' असं कोणीतरी मायेनं सांगे. जिनं जन्मभर दुसऱ्यांच्या कानांना त्रास दिला तिला हे ऐकून घ्यावं लागे, आणि तिला ते फार लागे.

त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं मुलाच्या, शमशुद्दीनच्या, लग्नातलं. त्याला तीसेक वर्षं झाली. मुलगी गुलटेकडीची, मिसबा. तिचे वडील मार्केट यार्डात लसणाचे घाऊक व्यापारी, आणि आई जिनतबी. पंगतीत पुलाव वाढताना मटणाच्या बोट्यांवर, म्हणजे तुकड्यांवर, जरा हात राखला गेला, असं वरपक्षाचं म्हणणं पडलं. वरपक्षाचं म्हणणं कुठल्याही लग्नात हेच असतं. पण इथे वरपक्षात अमिनाबी होत्या. त्यांनी ढोलक ओढलं आणि सुरू केलं,

*जिनत समधन आयी गे, तराजू संगात लायी गे,*
*बोटी तोल-तोल को बारात कू खिलायी गे!*

मांडव कोसळायचा बाकी राहिला. जिनतबी लालबुंद झाल्या. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि उठून आत गेल्या. गाणं लागलं, पण उत्तर आलं नाही. अमिनाबी ढोलकीवर हात ठेवून वाट बघत राहिल्या. कुस्तीत समोरचा पैलवानच आखाड्यातून निघून गेला तर जिंकणाऱ्यानं काय करायचं? त्या दिवसापासून दोन्ही विहिणी ईदला एकमेकींना सलाम करत, आणि एरवी मिसबाच्या तोंडून एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत. त्यापलीकडे शब्द नाही.

खरं सांगायचं तर पुलाव फर्मास होता. इतका की निघताना अमिनाबींनी गुलटेकडीच्या स्वयंपाकघरातला एक कडीचा स्टीलचा डबा उचलला, गच्च भरला आणि शालीखाली धरून खडकीला आणला. कोणी पाहिलं नाही. डब्यावर जिनतबींचं नाव कोरलेलं होतं, म्हणून तो तेव्हापासून अमिनाबींच्या फळीवर नाव भिंतीकडे करून उभा होता. त्यात मसूर असे.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं वर आलं त्या दोन कलावंतांकडे वळू. एक राहिल, म्हणजे शमशुद्दीन आणि मिसबाचा मुलगा, दोन्ही म्हाताऱ्यांचा नातू. दुसरा आमोद, कोथरूडचा. दोघं कॉलेजात भेटले आणि त्यांनी 'गोधडी सर्किट' नावाची जोडी काढली. लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांचा संगम करायचा होता. राहिलकडे लॅपटॉप होता आणि आमोदकडे मनोगत. अडचण एवढीच होती की दोघांकडे लोकसंगीत नव्हतं. आमोदच्या घरी शास्त्रीय संगीत होतं, पण ते फार लोक करतात, असं त्याचं मत होतं.

म्हणून ते मुळशीपलीकडच्या एका गावी गेले. पारावर बसलेल्या एका गड्याला आमोदनं विचारलं, "काका, इथली जुनी गाणी कोण म्हणतं?"

"जुनी कशाला? आमच्याकडं नवा डॉल्बी हाय," गडी म्हणाला. "लावून दाऊ का?"

त्यानं लावून दाखवला. आमोदनं तो धडधडाट रेकॉर्ड केला, मागे पावसाचा आवाज घातला आणि 'मुळांचा आक्रोश' या नावानं इंटरनेटवर टाकला. ऐकणारे बहुतेक नातेवाईक होते.

पुढचं रेकॉर्डिंग खडकीत राहिलच्या खोलीत चाललं होतं. भिंतींना गाद्या लावलेल्या होत्या. बाहेर अमिनाबी परातीत मसूर निवडत स्वतःशी गुणगुणत होत्या. आमोद दारात येऊन थबकला.

"आजी, हे काय आहे?"

"डाळ आहे बाबा."

"नाही, तुम्ही गाताय ते!"

कोणीतरी विचारलं, याचंच अमिनाबींना अप्रूप वाटलं. कितीतरी वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. परात बाजूला सारून त्या गादीच्या खोलीत गेल्या, ढोलक खाली काढायला लावलं, आणि गुडघ्याखाली दाबून म्हणाल्या, "समोर कोण?"

"समोर माइक आहे, आजी."

"माइकला काय शिव्या देऊ?"

राहिलनं माइक जरा पुढे सरकवला. मग अमिनाबींनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात गुलटेकडीची समधन समोर बसवली. तिच्याइतकी लायक बाई दुसरी कुठून आणणार? आणि त्या गायल्या, जिनत समधन आयी गे, जोरात, जलद, पहिल्यासारखं. राहिलला हसू आलं. पण आमोदच्या डोळ्यांत पाणी आहे हे बघून त्यानं ते गिळलं.

"अरे, हे नानीवर आहे," तो म्हणाला.

"नानी म्हणजे आदिमाता?"

"नानी म्हणजे माझी नानी. गुलटेकडीची."

आमोदला आदिमातेपुढचं काही ऐकू आलं नाही. त्यानं गाण्याचा वेग चौथाईवर आणला, खडकीला समुद्र नसताना मागे समुद्र घातला, ढोलकीचा ठेका काढून टाकला कारण तो लॅपटॉपच्या ठेक्याशी जुळेना, आणि एकेक अक्षर चिक्कीच्या पाकासारखं ताणलं. उरलेलं काम त्याच्या वडिलांनी केलं. श्रीनिवासराव तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. पुण्यात निवृत्त प्राध्यापकाच्या हाती एखादी गोष्ट लागली आणि तिला अर्थ लागला नाही, असं आजवर झालेलं नाही. त्यांनी लिहून दिलं की समधन म्हणजे माया, तराजू म्हणजे कर्मसिद्धान्त, देह ही पंगत, बोट्या ही इंद्रियं, आणि हे तीनशे वर्षांपूर्वीचं सूफी विरहगीत आहे.

गाणं तुफान चाललं. लोक ते लावून योगासनं करू लागले. एका बाईंनी कळवलं की त्यांची जुनी अर्धशिशी यामुळे गेली. शमशुद्दीन कारखान्यातून फोन घेऊनच घरी आला आणि त्यानं आईच्या कानाला लावला.

"अम्मी, ओळखा कोण."

अमिनाबींनी बराच वेळ ऐकलं. "कोणीतरी आजारी आहे," त्या म्हणाल्या. "दम लागलाय बिचारीला."

मिसबानं मात्र बरोबर ओळखलं. सून झाली तरी लेक गुलटेकडीची! तिनं राहिलला स्वयंपाकघरात गाठलं. "माझ्या आईला कळलं तर काय होईल, कल्पना आहे का तुला?"

"अम्मी, कोणालाच काही कळत नाही," राहिल म्हणाला. "म्हणून तर चाललंय."

मग नदीपलीकडच्या एका बंगल्याच्या हिरवळीवर संध्याकाळचा कार्यक्रम ठरला. तिकिटं संपली. अमिनाबींना यायचा आग्रह झाला तेव्हा त्यांनी एक अट घातली. ढोलक मी वाजवणार, आणि गाणार मी. राहिलनं शब्द दिला. त्यांनी पोपटी साडी इस्त्री करून ठेवली, तीन दिवस लोणचं खाल्लं नाही, आणि वासंतीबाईंना सांगितलं की पुन्हा गाणं लागणार.

बंगल्यावर पोचल्या तेव्हा दारातच पाटी होती. *टाळ्या वाजवू नयेत. हसू नये. चपला ओळीत काढाव्यात. डोळे मिटल्यास उत्तम.* लोक गाद्यांवर बसले होते आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीपासूनच त्यांनी डोळे मिटले होते. ढोलक मंचावर होतं, पण पाटावर, झेंडूचा हार घालून, उदबत्ती लावून. आमोदनं अमिनाबींच्या पोपटी साडीवर एक पांढरी चादर पांघरवली.

"आजी, तुम्ही फक्त बसायचं. आवाज लॅपटॉपमध्ये आहेच."

"मग मी कशाला?"

"तुमची उपस्थिती फार बोलते, आजी."

अमिनाबींनी राहिलकडे पाहिलं. त्यानं वायरी तपासायला घेतल्या. वायरी ठीक होत्या. "दादी, तुमचा ठेका दर वेळी थोडा पुढे-मागे होतो," तो खाली बघत म्हणाला. "मशीन थांबत नाही ना."

कोणीतरी हातात तसबी, जपाची माळ, देऊ लागलं. "ही नमाजानंतरची गोष्ट आहे, लोकांना दाखवायची नाही," असं म्हणून त्यांनी ती परत केली. तेवढं एक त्यांना करता आलं. बाकी त्या बसल्या. हळदीच्या खुर्चीत निदान थंड पेय तरी मिळायचं! आपल्याच गाण्यात आपल्याला शोभेला बसवलंय, हे त्यांना कळलं.

आणि तेव्हाच त्यांना मागच्या रांगेत जिनतबी दिसल्या. गुडघ्यामुळे खुर्चीवर बसलेल्या, शेजारी मिसबा, तोंड कोमेजलेलं. नातवाचा कार्यक्रम, नानी येणारच. हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

आधी श्रीनिवासराव बोलले. जिनत या शब्दाचा अर्थ शोभा, म्हणजे या जगाची वरवरची, फसवी शोभा, असं त्यांनी समजावलं. ही शोभा जिवाला भुलवते, आपल्या तराजूत तोलते आणि उपाशी ठेवते. गाद्यांवरून सुस्कारे आले. मागे जिनतबी आपल्याबद्दलची ही माहिती तोंडाचा आ करून ऐकत होत्या.

मग दिवे मंद झाले, समुद्र सुरू झाला आणि लॅपटॉपमधून अमिनाबींचा आवाज निघाला. जिऽऽऽनत. सऽऽऽमधन. सगळ्या हिरवळीवर दोनच बायकांचे डोळे उघडे होते. अमिनाबींनी पाहिलं, जिनतबींच्या गालांवर तोच लाल रंग चढतोय. त्यांना वाटलं, हे तोंडावर गाणं झालं का? आवाज माझा, नाव तिचं, आणि मी इथे चादर पांघरून मुकी. ही तर पाठीमागे निंदा झाली. ही आता पुन्हा उठून जाणार, आणि या वेळी चूक माझी. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जिनतबी उठल्या. पण दाराकडे गेल्या नाहीत. मिसबाचा हात झटकून, गाद्यांमधून वाट काढत, ध्यानस्थ लोकांचे पाय तुडवत त्या थेट मंचापाशी आल्या.

"बंद कर रे वो मशीन!" त्या नातवावर ओरडल्या. "मेरेकू जवाब देनेका है!"

आमोद धावला, "आजी, अजून शेवटचा भाग—" पण राहिलनं त्या दिवशी पहिल्यांदाच योग्य बटण दाबलं. समुद्र थांबला. लोकांनी डोळे उघडले. आणि जिनतबी कमरेवर हात ठेवून, फाटक्या पण खणखणीत आवाजात गायल्या,

*अमिना समधन खडकी की, आदत उसकू कडकी की,*
*पेट भर को खायी गे, डब्बा भर को ले गयी गे!*

अमिनाबींनी झटकन मान वर केली. डबा! हिनं पाहिलं होतं. इतकी वर्षं हिला माहीत होतं, आणि इतकी वर्षं तो डबा भिंतीकडे तोंड करून उभा होता! भरल्या सभेत त्यांची अब्रू गेली, आणि त्यांना इतका आनंद झाला की तो कुठे ठेवू असं झालं. चादर भिरकावून त्या उठल्या, पाटावरचं ढोलक ओढून गुडघ्याखाली घेतलं, झेंडू चारी दिशांना उडाले. "फिर से बोल गे!" त्या ओरडल्या आणि थाप मारली. जिनतबींनी फिर से म्हटलं. ठेका पुढे-मागे होत होता, आणि जिनतबी जिथे श्वास घेत तिथे ढोलक त्यांच्यासाठी थांबत होतं.

हसावं की नाही हे लोकांना कळेना. पाटी तर स्पष्ट होती. श्रीनिवासराव घाईनं माइकपाशी आले. "मित्रहो, इथे डबा हे जे प्रतीक आलं आहे, ते म्हणजे रिक्त घट, म्हणजेच—"

"डबा म्हणजे डबा," जिनतबी त्यांच्याकडे न बघता मराठीत म्हणाल्या. "स्टीलचा. कडीचा. नाव आहे माझं त्याच्यावर."

तेव्हा कुठे मिसबा हसली. तिच्यामागे सगळी हिरवळ हसली. तिकिटाचे पैसे दिलेल्या लोकांना आपण कशाला आलो होतो ते पहिल्यांदाच नीट कळलं. आमोद तेवढा खट्टू होऊन झेंडू वेचत होता. तो पुढे सगळ्यांना सांगत असे की सादरीकरणात असा भंग आधीपासून योजलेला होता.

विहिणी मंचाच्या कडेला टेकल्या. दोघींना धाप लागली होती.

"इतकी वर्षं का गप राहिलीस गे?" अमिनाबींनी विचारलं. "मी त्या दिवशी किती वाट बघितली तुझी!"

"त्या दिवशी सुचलंच नाही," जिनतबी म्हणाल्या. "आत जाऊन बसले, तिथून तू डबा भरताना दिसलीस आणि पाठोपाठ सुचलं. बाहेर आले तर तुमची गाडी गेलेली. नंतर तू परत गायलीसच नाही."

 अमिनाबींना वाटत होतं आपलं गाणं फार लागलं म्हणून ही तुटली. आणि ही आपल्या उत्तराला ठेका मिळावा म्हणून बसून राहिली होती. शिवी इतकी जपून ठेवणारी बाई खडकीत काय, सगळ्या पुण्यात मिळाली नसती. त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि हे धुरामुळे आहे असं उदबत्तीकडे बोट करून सांगितलं.

पुढच्या जुम्म्याला अमिनाबींनी मसूर बरणीत ओतला, डबा चिंचेनं घासला आणि पुलाव केला. परतीचं भांडं रिकामं पाठवायचं नसतं. त्यातून हे भांडं फार उशिरा परत जात होतं, म्हणून मटण सढळ हातानं घातलं, कडी लावली, आणि राहिलला बरोबर न घेता बसनं स्वतः गुलटेकडीला गेल्या. नाव पुढे करून डबा मांडीवर धरला होता.

जिनतबींनी दार उघडलं. डबा हातात घेतला, कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं, झाकण काढून वास घेतला. मग "बस हां," म्हणून आत गेल्या. आतून काहीतरी ओढल्याचा, पितळ आपटल्याचा आवाज आला.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात नवऱ्याचा जुना, लसूण तोलायचा तराजू होता. त्यांनी तो खुंटीला अडकवला, एका पारड्यात वजन टाकलं, दुसऱ्यात ताटली ठेवून एकेक बोटी वेचून घातली, आणि काटा स्थिर होईपर्यंत डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"कम है गे," त्या म्हणाल्या.

अमिनाबींनी इकडेतिकडे पाहिलं. ढोलक खडकीला राहिलं होतं. मग त्यांनी जवळच पडलेलं डब्याचं झाकण गुडघ्याखाली दाबलं आणि पहिली ओळ घेतली.